मॉर्गेजचे हप्ते थकलेत, फोरक्लोजर (थकलेल्या कर्जापायी घराचा लिलाव) म्हणजे नक्की कधी आणि कसं होतं? (न्यू जर्सी, पण बाकी राज्यवाल्यांनीही लिहा)

चाफेकळी_एनजे
नमस्कार मंडळी. एरवी रोमात असते (नुसती वाचते), ह्या आयडीने कुणी ओळखत नाही म्हणून लिहायचा धीर होतोय. नवऱ्याचा जॉब ऑक्टोबरात गेला. ग्रीन कार्ड आहे त्यामुळे व्हिसाचं टेन्शन नाही, पण माझा पगार डेकेअर, किराणा आणि इन्शुरन्समध्येच संपतो. सेव्हिंग्जमधून रेटत होतो, आता दोन हप्ते गेलेच नाहीत आणि तिसऱ्याची तारीख आलीये. घर मिडलसेक्स काउंटीत, २०१७ ला घेतलेलं, २०२१ मध्ये रीफायनान्स केलं तेव्हा तीनच्या आत रेट मिळाला होता, तो लॉक झाला म्हणून तेव्हा घरी पेढे वाटले होते.
सर्व्हिसरकडून (कर्जाचे हप्ते गोळा करणारी कंपनी) एक जाडजूड पाकीट आलंय, त्यात लॉस मिटिगेशनचा, म्हणजे हप्ते थकल्यावर काय मार्ग काढता येईल त्याचा, फॉर्म आहे. तो भरला तर आपणच कबूल केल्यासारखं होतं का, की आम्हाला झेपत नाहीये? शिवाय एका "होम रेस्क्यू" कंपनीचा माणूस रोज फोन करतो, तीन हजार डॉलर भरा, बँकेशी आम्ही बोलतो म्हणतो. त्याला आमचे हप्ते थकलेत हे कळलं कसं देव जाणे. सासूबाई म्हणतात पुण्याचा फ्लॅट विकून टाका. आईबाबांना अजून सांगितलेलं नाही. घर किती दिवसांत जातं, कुणी येऊन दाराला कुलूप लावतं का, काहीच माहीत नाही. कृपया उपदेश नको, माहिती द्या.

अवखळ_वारा
बापरे. काळजी घ्या. टेक्सासला माझ्या मित्राच्या ओळखीतल्या एकाचं घर तीन महिन्यांत गेलं होतं. मी तुमच्या जागी असतो तर आतापासूनच अपार्टमेंट बघायला लागलो असतो.

कागदीघोडा
वारा, जरा दम धरा की. घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवून काय मिळतं?
चाफेकळी, मी बरीच वर्षं एका सर्व्हिसरच्या लॉस मिटिगेशन डिपार्टमेंटला होतो, म्हणजे तुमच्या हातात जो फॉर्म आहे तो पलीकडच्या बाजूने उघडणारा माणूस. वकील नाही, पण कागद पुष्कळ पाहिलेत.
पहिलं म्हणजे, राहतं घर असेल तर हप्ता थकून १२० दिवस उलटून जाईपर्यंत सर्व्हिसरला फोरक्लोजरची पहिली कायदेशीर पायरी टाकताच येत नाही. हा फेडरल नियम आहे, जानेवारी २०१४ पासून, टेक्सास असो की न्यू जर्सी. त्याच नियमात सर्व्हिसरने ३६ व्या दिवसापर्यंत तुमच्याशी फोनवर बोलायचा प्रयत्न करायचा आणि ४५ व्या दिवसापर्यंत पर्यायांचं पत्र पाठवायचं असंही आहे, ते पाकीट बहुतेक त्यातलंच. घाबरायचं पाकीट नाहीये ते.
दुसरं, न्यू जर्सी हे कोर्टवालं राज्य आहे. म्हणजे बँकेला सुपिरियर कोर्टात केस करावीच लागते. केस करण्याच्या निदान ३० दिवस आधी "नोटीस ऑफ इन्टेन्शन" पाठवावी लागते. आणि इथे एक खोच आहे, ही नोटीस १२० दिवसांच्या आतही येऊ शकते, कारण ती कोर्टातली फाइलिंग धरत नाहीत. त्यामुळे ती आली म्हणजे उद्या लिलाव असं नाही, पण ड्रॉवरमध्ये टाकून विसरायचीही नाही. मग समन्स येतं, त्याला उत्तर द्यायला ३५ दिवस मिळतात, समन्सबरोबर मीडिएशनचा (मध्यस्थासमोर बँकेशी बोलणी) कागद असतो, तो प्लीज भरा, घरमालकाला त्याचे पैसे पडत नाहीत. लोक सगळ्यात जास्त हाच कागद फेकून देतात. मग फायनल जजमेंट, मग शेरीफ सेल, म्हणजे लिलाव. फायनल जजमेंट होईपर्यंत थकबाकी आणि खर्च भरून कर्ज पूर्ववत करायचा हक्क आहे. शेरीफ सेलची तारीखसुद्धा थोडी फी भरून दोनदा, प्रत्येकी ३० दिवसांपर्यंत, पुढे ढकलता येते. सेलनंतरही १० दिवस असतात, पण तेव्हा थकबाकी नाही, अख्खं कर्ज फेडावं लागतं. एवढ्या सगळ्याला इथे सहसा वर्षाच्या वर जातं.
कुलूपबिलूप लावायला एवढ्यात कुणी येत नाही.
फॉर्मबद्दल सविस्तर रात्री लिहितो.

फ्रिस्कोकर
टेक्सासचं म्हणाल तर आमच्याकडे खरंच पटकन होतं, वारा अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. इथे कोर्ट नाही. घर घेताना जो डीड ऑफ ट्रस्ट सही करतो ना त्यातच विकायचा अधिकार ट्रस्टीला दिलेला असतो. राहत्या घराला थकबाकी भरायची २० दिवसांची नोटीस, मग लिलावाची २१ दिवसांची नोटीस, ती काउंटी क्लार्ककडे लावतात आणि घरी सर्टिफाइड मेलने येते. लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी १० ते दुपारी ४ मध्ये, कोर्टहाउसला. पहिला मंगळवार १ जानेवारी किंवा ४ जुलैला आला तरच बुधवारी. आणि एकदा हातोडा पडला की संपलं, बँकेच्या लिलावानंतर घर परत सोडवून घ्यायची मुदत आमच्याकडे नाहीच. गंमत म्हणजे एचओएने (घरमालकांची सोसायटी) थकलेल्या ड्यूजसाठी घर विकलं तर १८० दिवस मिळतात, आणि प्रॉपर्टी टॅक्ससाठी राहतं घर विकलं गेलं तर दोन वर्षं. एवढं मोठं कर्ज देणाऱ्या बँकेच्या वेळी मात्र शून्य. ज्याने कायदा लिहिला त्यालाच ठाऊक.
पण १२० दिवस अधिक २१ धरले तर तीन महिन्यांत घर जाणं शक्य नाही. तुमच्या मित्राच्या ओळखीच्याचा किस्सा एकतर २०१४ च्या आधीचा असेल नाहीतर ते भाड्याने दिलेलं घर असेल.

अवखळ_वारा
असेल. मला २०१० च्या आसपास कळलं होतं. मागे घेतो.

सनीवेलचा_बाळ्या
कॅलिफोर्निया: कोर्ट नाही पण टेक्सासइतकं निर्दय पण नाही. आधी नोटीस ऑफ डिफॉल्ट, ती काउंटीत रेकॉर्ड होते, त्यानंतर तीन महिने, मग निदान २० दिवसांची सेलची नोटीस. सेलच्या ५ बिझनेस दिवस आधीपर्यंत थकबाकी भरून गाडी रुळावर आणता येते. २०१३ पासून होमओनर बिल ऑफ राइट्स लागू आहे, त्यामुळे एका बाजूला तुमचा मॉडिफिकेशनचा (कर्जाच्या अटी बदलून घ्यायचा) अर्ज तपासायचा आणि दुसऱ्या बाजूला लिलाव पुढे दामटायचा, हा जो २००८ नंतर सगळीकडे तमाशा चालला होता तो बंद झाला.
पण मी म्हणतो एवढं कशाला करायचं? आमच्याकडे बरेच जण सरळ चावी देऊन निघून गेले होते त्या काळात. बँक पुढे काही करू शकत नाही.

कागदीघोडा
बाळ्या, हे असं सरसकट लिहू नकोस, कुणीतरी वाचून खरंच तसं करेल. कॅलिफोर्नियात कोर्टाबाहेरच्या लिलावानंतर त्या कर्जाची उरलेली रक्कम मागता येत नाही हे बरोबर. पण घरावर नंतर काढलेलं होम इक्विटीचं दुसरं कर्ज असेल तर तो दुसरा सावकार मागे लागू शकतो. आणि न्यू जर्सीत ती सूटच नाही, सेलनंतर तीन महिन्यांच्या आत बँक उरलेल्या पैशांसाठी दावा टाकू शकते. क्रेडिट रिपोर्टवर सात वर्षं डाग राहतो तो वेगळाच. २००८ ला घराची किंमत कर्जाच्या खाली गेली होती म्हणून ते लोक निघून गेले. चाफेकळींचं घर २०१७ चं आहे, त्यात इक्विटी असणार, म्हणजे किमतीतून कर्ज वजा जाता उरणारा तुमचा हिस्सा. इक्विटी असलेलं घर सोडून जाणं म्हणजे भरलेला डबा ट्रेनमध्ये विसरणं.
आता फॉर्म. तो भरल्याने काही कबूलबिबूल होत नाही, हप्ता आला नाही हे त्यांना माहीतच आहे. उलट पूर्ण अर्ज पोचला की तुमच्याभोवती कुंपण उभं राहतं. पाच बिझनेस दिवसांत त्यांनी लेखी कळवायचं की अर्ज मिळाला आणि काय कमी आहे. पूर्ण असेल तर ३० दिवसांत निर्णय. लिलावाच्या ३७ दिवसांहून आधी पूर्ण अर्ज गेलेला असेल तर त्यावर निर्णय होईपर्यंत लिलाव करता येत नाही. ह्यातला "पूर्ण" हा शब्द लाल पेनाने अधोरेखित करा. आमच्याकडे येणारे अर्ज बहुतेक वेळा एका कागदासाठी अडायचे, बँक स्टेटमेंटचं शेवटचं कोरं पान नाही, हार्डशिप लेटरवर (अडचण सांगणारं पत्र) दोघांपैकी एकाचीच सही, असलं काहीतरी. मग महिना जायचा, तोवर पे स्टब (पगाराची पावती) जुना व्हायचा, तो परत मागायचा. कोरं पान असलं तरी पाठवा. फोनवर जो बोलला त्याचं नाव, तारीख, वेळ लिहून ठेवा.
तुमचं लोन फॅनी मे किंवा फ्रेडी मॅककडे (बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या दोन कंपन्या) आहे का ते त्यांच्या वेबसाइटवर पत्ता टाकून दोन मिनिटांत कळतं. तसं असेल तर नोकरी गेल्याच्या कारणावर फोरबेअरन्स मागा, म्हणजे काही महिने हप्ता बंद किंवा कमी. नवरा परत कामाला लागला की "पेमेंट डिफरल" विचारा. दोन ते सहा महिन्यांचे थकलेले हप्ते ते कर्जाच्या शेवटी नेऊन ठेवतात, त्यावर व्याज नाही, आणि मुख्य म्हणजे तुमचा तीनच्या आतला रेट तसाच राहतो. मॉडिफिकेशनमध्ये रेट बदलू शकतो. म्हणून फोनवरचा पोरगा पहिल्या झटक्यात "मॉडिफिकेशन करू" म्हणाला तरी आधी डिफरलचं विचारायचं. एफएचए लोन (सरकारी विमा असलेलं) असेल तर त्यात पार्शियल क्लेम नावाचा असाच प्रकार असतो.

चाफेकळी_एनजे
किती आभार मानू. आत्ताच बघितलं, फॅनी मे निघालं. नवरा पण शेजारी बसून वाचतोय. त्याला मी हा धागा काढलाय हे कालपर्यंत माहीत नव्हतं.
त्या रेस्क्यूवाल्याचं काय?

जुनं_खोड
त्याला आधी ब्लॉक कर पोरी. आम्ही १९८६ पासून जर्सीत आहोत, ही जमात तेव्हापासून बघतोय. केस झाली की ती कोर्टात पब्लिक असते, त्याआधी कुठून यादी मिळवतात ते तेच जाणोत. बँकेकडून लेखी ऑफर येऊन तुम्ही ती स्वीकारेपर्यंत असल्या कंपनीला एक पैसाही मागता येत नाही, फेडरल नियमच आहे. आगाऊ पैसे मागतोय म्हणजे तिथेच कळलं. ह्यातले काही तर म्हणतात हप्ता बँकेला नको आम्हाला पाठवा, काही घराचं डीड (मालकीचा कागद) तात्पुरतं आमच्या नावावर करा म्हणतात. आमच्या ओळखीतल्या एका गुजराती आजोबांनी सही केली होती, पुढचं सांगत नाही.
तेच काम हड-मान्य (हड म्हणजे फेडरल गृहनिर्माण खातं) काउन्सेलर फुकट करून देतात. फोन ८००-५६९-४२८७, किंवा होपची हॉटलाइन ८८८-९९५-४६७३, चोवीस तास. मराठी माणसाला फुकट म्हटलं की शंका येते, पण ह्यांना सरकार पैसे देतं. सर्व्हिसरशी तीन जणांचा कॉल लावून देतात, समोरचा मग नीट बोलतो.

फ्रिस्कोकर
+१. आणि ते युट्यूबवर "सरकार तुमचे थकलेले हप्ते भरणार" म्हणून व्हिडिओ फिरतात ते जुने आहेत. २०२१ च्या कोविड पॅकेजमध्ये होमओनर असिस्टन्स फंड होता, जवळपास १० अब्ज डॉलरचा, प्रत्येक राज्याने आपापली स्कीम काढली होती. टेक्सासची बंद झाली.

जुनं_खोड
जर्सीची एर्मा नावाची होती, तीही नवे अर्ज घेत नाही. बाळ्याच्या राज्यातलीही बंद. तरी काउन्सेलरला विचारायचंच, काउंटी पातळीवर काही चालू असेल तर त्यांनाच माहीत असतं.

पाव्हणा_तात्पुरता
धाग्याला थोडं अवांतर होईल, पण मी एचवनबीवर आहे, लेऑफ झालाय, ६० दिवसांत नवीन जॉब नाही मिळाला तर परत जावं लागेल. शार्लटला (नॉर्थ कॅरोलिना) घर आहे. इंडियाला निघून गेलो आणि हप्ते बंद केले तर पुढे व्हिसाला प्रॉब्लेम येतो का? आणि पुण्यातल्या घरापर्यंत अमेरिकन बँक पोचू शकते का? (चाफेकळी, तुमच्या सासूबाईंच्या प्रश्नाशी जोडून विचारतोय, हायजॅक केल्याबद्दल सॉरी)

वकीलीण_कोथरूड
भारताच्या बाजूचं मी सांगते, अमेरिकेचं तिथले लोक सांगतील. अमेरिका आपल्या सिव्हिल प्रोसिजर कोडच्या कलम ४४ए खाली येणाऱ्या देशांत नाही. त्यामुळे तिथल्या कोर्टाचा पैशाचा निकाल इथे आणून थेट अंमलबजावणी करता येत नाही, त्या निकालाच्या आधारे इथे नवा दावा लावावा लागतो, तोही तीन वर्षांच्या आत. अशक्य नाही, पण खर्चिक आहे. म्हणून कुणी बँक उद्या डेक्कनला येऊन उभी राहणार नाही. मात्र तिथे बँकरप्सी किंवा हार्डशिपच्या अर्जात मालमत्ता विचारली असेल तर भारतातला फ्लॅट लपवू नका, ते प्रकरण वेगळ्याच दिशेला जातं.
आणि फ्लॅट विकून पैसे नेण्याबद्दल: एनआरआयने विकला तर घेणाऱ्याला टीडीएस कापावा लागतो, मग पैसे परदेशी पाठवायचे टॅक्सचे फॉर्म, मग एनआरओ खात्यातून (एनआरआयचं भारतातलं खातं) रेमिटन्स. वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आहे, ती तुम्हाला आड येणार नाही, पण गिऱ्हाईक मिळण्यापासून धरलं तर हे काम पुढच्या हप्त्याच्या तारखेपर्यंत होणारं नाही. सोसायटीच्या एनओसीलाच आमच्याकडे लोक चपला झिजवतात.

कागदीघोडा
पाव्हणं, फोरक्लोजर हा दिवाणी मामला आहे, गुन्हा नाही. व्हिसाचं इमिग्रेशन वकिलाला विचारा. पण पळून कशाला जायचं? जायच्या आधी पॉवर ऑफ ॲटर्नी करून ठेवा, आणि घर भाड्याने द्या नाहीतर स्वतः विका. सर्व्हिसरकडून पेऑफची, म्हणजे कर्ज पूर्ण फेडायची, रक्कम लेखी मागवा, एजंटचं कमिशन वजा करा, उरत असेल तर सरळ बाजारात विका. लिलावात भाव पडूनच येतो. कर्ज फिटून वर उरलं तर ती रक्कम कायद्याने तुमचीच असते, पण ती मिळवून देतो म्हणून परत त्याच जमातीचे फोन येतात.
किंमत कर्जापेक्षा कमी असेल तर शॉर्ट सेल (बँकेच्या संमतीने कर्जापेक्षा कमी किमतीला विक्री) किंवा डीड-इन-ल्यू (घर बँकेच्या नावावर करून देणं), आणि त्यात उरलेलं कर्ज माफ झालंय हे लेखी घ्या. माफ झालेली रक्कम टॅक्सला उत्पन्न धरली जाऊ शकते, सीपीएला विचारल्याशिवाय सही नको. आणि लिलाव अगदी दारात आला असेल तर चॅप्टर १३ बँकरप्सी फाइल केल्यावर तो थांबतो, थकबाकी तीन ते पाच वर्षांत फेडायची असते. ते मात्र वकिलाशिवाय करू नका.

मिनेसोटाची_माई
आमचं घर पूर्ण फिटलेलं आहे म्हणून मी हा धागा उघडणारच नव्हते. पण ज्यांचे आईवडील किंवा सासूसासरे फिटलेल्या घरात राहतात त्यांनी प्रॉपर्टी टॅक्सकडे लक्ष ठेवा. मॉर्गेज असतं तोवर एस्क्रोमधून (हप्त्यातूनच टॅक्स-इन्शुरन्ससाठी बाजूला काढतात ते खातं) जातो, फिटल्यावर स्वतः भरायचा असतो आणि म्हातारी माणसं विसरतात. मिनियापोलिसमध्ये जेराल्डिन टायलर नावाच्या ९४ वर्षांच्या बाईंचा काँडो काउंटीने थकलेल्या टॅक्ससाठी घेतला, व्याज-दंड धरून थकबाकी होती १५ हजारांच्या आसपास, विकला ४० हजारांना आणि वरचे पैसे काउंटीनेच ठेवले. थेट सुप्रीम कोर्टात गेलं, २०२३ च्या मे महिन्यात नऊच्या नऊ न्यायाधीशांनी काउंटीच्या विरोधात निकाल दिला.

जुनं_खोड
माई, चांगली आठवण केलीत. जर्सीत तर थकलेल्या टॅक्सचं सर्टिफिकेटच लिलावात विकतात, गुंतवणूकदार घेतात, १८ टक्क्यांपर्यंत व्याज चढतं आणि दोन वर्षांनी तो माणूस फोरक्लोजर करू शकतो. सुप्रीम कोर्टाच्या त्या निकालानंतर २०२४ मध्ये इथला कायदा बदलावा लागला.
चाफेकळी, त्यावरून एक, तुझा हप्ता मध्यंतरी वाढला होता का? एस्क्रो ॲनॅलिसिस मागव. आमच्या जर्सीचा टॅक्स म्हणजे काय सांगायचं, देशात सगळ्यात जास्त आम्हीच भरतो. पण कधीकधी हिशेबच चुकलेला असतो.

चाफेकळी_एनजे
हो काका, जुलैत महिना दोनशेच्या वर वाढला होता, टॅक्स वाढला असेल म्हणून आम्ही बघितलंच नाही.

कागदीघोडा
मग सर्व्हिसरला "नोटीस ऑफ एरर" लिहा. हप्त्याबरोबर नाही, वेगळं पत्र, त्यांनी ह्यासाठी दिलेला पत्ता असतो त्यावर, सर्टिफाइड मेलने. पाच बिझनेस दिवसांत पोच आणि साधारण ३० बिझनेस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर सीएफपीबीकडे (ग्राहकांच्या आर्थिक तक्रारी बघणारं फेडरल खातं) ऑनलाइन तक्रार.

चाफेकळी_एनजे
अपडेट: काउन्सेलरशी बोलणं झालं. बाई साउथ जर्सीच्या होत्या, फार शांत. तिघांचा कॉल झाला, सर्व्हिसरवाला खरंच आधी मॉडिफिकेशनच म्हणत होता :) त्यांनी फोरबेअरन्सचं लावून धरलं. सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये गेलेत, कोऱ्या पानांसकट. पूर्ण अर्ज मिळाल्याचं पत्र आलंय, निर्णय अजून नाही. एस्क्रोचं पत्रही टाकलं. पुण्याचा फ्लॅट सध्या आहे तिथे आहे, सासूबाईंना वकीलीणबाईंची पोस्ट वाचून दाखवली. नवऱ्याचा एक इंटरव्ह्यू दुसऱ्या राउंडला गेलाय.

पाव्हणा_तात्पुरता
छान वाटलं वाचून. मी पण फोन केला, नॉर्थ कॅरोलिनाचा हिशेब थोडा वेगळा आहे म्हणाले, क्लार्कसमोर सुनावणी वगैरे असते.

मिशिगनची_मावशी
आमच्याकडे उलटं आहे, कोर्टाशिवाय लिलाव होतो पण नंतर राहत्या घराला साधारण सहा महिने सोडवायला मिळतात आणि तोवर घरात राहताही येतं. भाचीचं चाललंय सध्या, लिलाव झालाय, तिला वाटतंय आता काहीच करता येत नाही. इथेच लिहू की वेगळा धागा काढू?

कागदीघोडा
वेगळा काढा, इथे हरवून जाईल. लिलावाची तारीख, तेव्हाची बोलीची रक्कम आणि शेरीफच्या डीडवर सोडवायची शेवटची तारीख काय लिहिलीये, ते पहिल्याच पोस्टमध्ये टाका.